हाड बसवून झालं म्हणून लगेच चहाला जाऊ नका

बेळगावात कॅज्युअल्टीत ब्रदर म्हणजे पुरुष नर्स म्हणून ड्युटी करून मला 12 वर्षं झाली, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी सगळीकडनं पेशंट येतात, उसाच्या ट्रॉलीवरनं पडलेले, हायवेला धडकलेले, बैलानं ढकललेले. खांदा निखळलेला असला, हात मोडून वाकडा झालेला असला तर नुसतं धरून ओढता येत नाही, आधी दुखणं कमी करायचं आणि गुंगी द्यायची, मग हाड बसवायचं. त्या तासाभरात नातेवाईकांनी काय करायचं हे कोण सांगतच नाही म्हणून लिहायलोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे हाड 'कट्' करून जागेवर बसल्यानंतरची. हाड निखळलेलं असतंय तोवर दुखणंच माणसाला जागं ठेवतंय, औषध एका बाजूनं झोपवतंय आणि दुखणं दुसऱ्या बाजूनं उठवतंय. हाड बसलं की दुखणं एकदम जातंय पण औषध अंगात तसंच असतंय, मग गुंगी खोल होते आणि श्वास मंद व्हायला लागतो. आणि नेमकं तेव्हाच सगळे म्हणतात, झालं बाबा काम, चला चहा घेऊ. एकदा असंच झालं, खांदा बसला, बरोबरचे चौघेही खाली गेले, मी शेजारच्या बेडला सलाईन लावत होतो आणि घोरण्याचा आवाज वेगळा यायला लागला म्हणून वळून बघितलं तर जीभ मागं गेलेली. हनुवटी वर उचलून धरल्यावर श्वास सुटला. आजही तो आवाज कानात आहे, म्हणून सांगतो, एक माणूस बेडजवळ पाहिजेच.

आता पहिल्यापासनं. आत गेल्यावर डॉक्टर विचारतील ते खरं सांगा, आणि विचारलं नाही तरी सांगा. दारू घेतलीय का, किती आणि कधी. हे लपवतात बघा, भाऊ म्हणतो 'नाही हो, अजिबात नाही', कारण पोलीस केस होईल, घरात कळेल ही भीती. पण दारू आणि गुंगीचं औषध दोन्ही श्वासच मंद करतात, दोन्ही मिळून किती होईल ते डॉक्टरला कळायला नको का. झोपेची गोळी चालू असली तर तेच. रात्री जोरात घोरत असतील, झोपेत श्वास अडकत असेल तर ते पण सांगा. दमा, फिट्स, किडनी, लिव्हर, बीपी, शुगर, रक्त पातळ करायची गोळी, आधी कुठल्या इंजेक्शननं अंगावर गांध्या आल्या असतील ते, सगळं. गोळ्यांची नावं आठवत नसतील तर घरातल्या कुणालातरी पाकिटांचा फोटो पाठवायला सांगा, 'ती पांढरी बारकी गोळी' म्हणून काही कळत नाही.

येण्याआधी काय घेतलंय ते पण. आपल्याकडं आधी हाडवैद्याकडं जातात, मेडिकलमधनं दोन गोळ्या घेतात, मग शेवटी हॉस्पिटल. डोलो 650 घेतली, थोड्या वेळानं कॉम्बिफ्लाम घेतली, लोकांना वाटतंय दोन वेगळी औषधं, पण पॅरासिटामॉल दोन्हीत आहे. धडधाकट मोठ्या माणसाला 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जायला नको, रोज दारू पिणारा, वजन कमी असलेला किंवा लिव्हर खराब असलेला असेल तर त्याहूनही कमी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन असली औषधं किडनीवाल्याला, पोटात अल्सर असलेल्याला, काही दमेकऱ्यांना त्रास देतात, आणि पावसाळ्यात ताप अंगदुखी असेल, डेंग्यूचा संशय असेल तर ती घ्यायचीच नाहीत, रक्तस्राव वाढू शकतो. तापात पॅरासिटामॉलच.

आमच्याकडं कन्नड स्टाफ आला की पहिला प्रश्न 'ऊट आयता?', म्हणजे जेवण झालं का. खेड्यातले मामा लोक हसून म्हणतात 'हो हो, झालं', त्यांना वाटतंय ही नेहमीची विचारपूस. तसं नाही, गुंगीत उलटी होऊन ती श्वासनळीत जाऊ शकते म्हणून शेवटचं कधी खाल्लं ते विचारतात. ठरवून करायच्या ऑपरेशनला हलक्या जेवणानंतर 6 तास, पाण्यानंतर 2 तास थांबतात, तातडीचं असलं तर पोट भरलंय म्हणून नुसतं अडवून ठेवत नाहीत, पण कुठलं औषध आणि किती खोल गुंगी हे त्यावर ठरतंय. म्हणून वेळ सांगा. आणि वाटेत पेशंटला चहा, पाणी, शहाळं काही देऊ नका, ओठ कोरडे पडले तर ओल्या कापडानं पुसा.

दुखणं किती हे पण नीट सांगायचं. 0 म्हणजे काहीच नाही आणि 10 म्हणजे सहनच होत नाही, यात कुठं आहे. आपले शेतकरी आजोबा फुटलेली मांडी घेऊन 'काय नाही, चालतंय' म्हणतात, चेहरा बघितला की कळतंय. त्यांना सांगा की सोसून काही मिळत नाही, दुखण्यानं बीपी, धडधड वाढतेच. पोट दुखत असताना पेनकिलर दिलं तर आजार झाकला जातो असं जुनं लोक म्हणायचे, आता डॉक्टर तसं मानत नाहीत, तपासता तपासताच दुखणं कमी करतात.

पण उलटं पण करू नका. इंजेक्शन दिलं आणि पाच मिनिटांत 'अजून ओरडायलाय, आणखी एक द्या की' म्हणून सिस्टरच्या मागं लागू नका. फेंटानिल आणि मॉर्फिन ही जोरदार पेनकिलर, शिरेतनं दिलेलं फेंटानिल दोन-पाच मिनिटांत चढतं, मॉर्फिनचा पूर्ण जोर यायला मात्र 20 मिनिटं लागू शकतात. पहिला डोस चढायच्या आत दुसरा दिला तर दोन्ही एकदम चढतात. म्हाताऱ्या माणसांना म्हणूनच थोडं थोडं, सावकाश देतात, त्यात कंजूषपणा नाही. आणि मॉर्फिन आणायला वेळ लागतो त्याचंही कारण आहे, 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात ते येतं, कुलपात असतं, रजिस्टरला नोंद आणि सही झाल्याशिवाय बाहेर येत नाही, इंजेक्शनची रिकामी काचेची अँप्यूलसुद्धा हिशोबात धरतात. 2018 पासनं ट्रामाडॉल हे पेनकिलर पण त्याच कायद्यात गेलंय, म्हणून मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मागू नका.

गुंगी द्यायच्या आधी तीन गोष्टी आपल्या डोळ्यांनी बघा किंवा विचारा. बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावलंय का. बेडजवळ ऑक्सिजन, अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायचा फुगा) आणि सक्शन (तोंडातली उलटी, लाळ ओढून घ्यायचं मशीन) आहे का. आणि हाड ओढणाऱ्या डॉक्टरशिवाय फक्त श्वास बघायला वेगळा माणूस आहे का, हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण हाड ओढणाऱ्याचं लक्ष हाडावर असतंय. विचारलं म्हणून चांगला डॉक्टर रागवत नाही.

लहान पोराला केटामाइन हे गुंगीचं औषध देतात तेव्हा आई घाबरते, कारण पोरगं डोळे उघडे ठेवून पडतं, नजर हलत असते, बोललं तर ऐकत नाही, तोंडातनं लाळ येते. ते त्या औषधाचंच लक्षण आहे. आक्का, तेव्हा हलवू नका, रडून गोंधळ करू नका, कानाजवळ हळू बोला, जागं होताना पोरगं बावरतं किंवा उलटी करतं. आणि पोराचं वजन बरोबर सांगा, अंदाजे नको, काट्यावर करायला सांगा, सगळे डोस वजनावर असतात.

आता हाड बसल्यानंतर बेडजवळ थांबलेल्या माणसानं काय बघायचं. मशीनवरचा आकडा बघाच, पण तोंडावर ऑक्सिजन लावलेला असला तर श्वास मंद झाला तरी आकडा बराच वेळ चांगला दिसतो, म्हणून छाती बघा. मिनिटभर घड्याळ लावून मोजा, मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला 10 च्या खाली गेला, मधेच थांबायला लागला, घोरल्यासारखा किंवा गुरगुर आवाज आला, ओठ निळसर झाले तर जागेवरनंच मोठ्यानं सिस्टरला हाक मारा आणि खांद्याला हलवून 'तात्या, श्वास घ्या' म्हणा, कधीकधी तेवढ्यानं पण श्वास सुटतो. स्टाफला मराठी येत नसेल तर 'उसिरु कडिमी आगैति' म्हणजे श्वास कमी झालाय असं म्हणा, लगेच धावत येतील. मॉर्फिन, फेंटानिलवर उतारा म्हणून नॅलोक्सोन दिलं आणि पेशंट ताडकन उठून बसला तरी लगेच घरी न्यायचं नाही, ते उताऱ्याचं औषध आधी उतरतं आणि गुंगी परत येऊ शकते.

घरी कधी न्यायचं? नाव, गाव बरोबर सांगतो, आधाराशिवाय बसतो, पहिल्यासारखा चालतो, घोट घोट पाणी पोटात राहतंय, तेव्हा. बसनं एकट्याला सोडायचं नाही, बाईकवर मधे बसवून तर अजिबात नको, पेंगून पडतो. लहान पोराला गाडीत झोपवताना मान छातीवर वाकायला देऊ नका, शेजारी मोठ्या माणसानं बसून डोकं सरळ धरायचं. कणकुंबी, जांबोटीकडं जाणारे असतील तर माझं म्हणणं रात्र बेळगावातच कुणा पाहुण्याकडं काढा, जंगलात रेंज नसते आणि 108 ला फोन लावायचा म्हटलं तरी लागत नाही.

पुढचे 24 तास गाडी, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी, विहिरीवरची मोटार काही नाही, दारू नाही, आणि जमिनीच्या कागदावर सही पण नाही, डोकं ताळ्यावर नसतंय. डिस्चार्जचा कागद इंग्लिशमध्ये असतो, तिथंच डॉक्टरकडनं मराठीत विचारून मागच्या बाजूला लिहून घ्या, कुठली गोळी किती वाजता, पॅरासिटामॉल दिवसाला जास्तीत जास्त किती. घरी हलवून उठवलं तरी उठत नाही, उलटी थांबत नाही, प्लास्टरच्या पुढची बोटं गार, निळी किंवा बधिर पडली, किंवा गोळी घेऊनही दुखणं वाढतच चाललंय तर सकाळची वाट बघू नका, त्याच कागदासकट परत या.