मृगापूर्वी परत: जोडप्याने शिडाच्या बोटीवर राहण्याची पूर्वतयारी

विदर्भातल्या खेड्यातून उठून वर्षातले काही महिने शिडाच्या बोटीवर राहायचे आणि उष्ण कटिबंधातली बेटे पाहायची असे एखाद्या नवरा-बायकोने ठरवले, की गावात पहिला प्रश्न विचारला जातो तो शेतीचा. हा प्रश्न रास्त आहे आणि नियोजनाची सुरुवात तिथूनच करावी. आपली अंदमानची बेटे, थायलंडचा पश्चिम किनारा आणि मलेशियाचे लंकावी या पट्ट्यात लहान बोटीने फिरण्याचा चांगला काळ साधारणपणे डिसेंबरच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत असतो. त्या काळात वारा ईशान्येकडून वाहतो, पाऊस कमी असतो आणि समुद्र बराच शांत असतो. आमच्या भंडारा जिल्ह्यात तोवर धान कापून, चुरून घरी आलेला असतो. उतेऱ्याची, म्हणजे उभ्या धानातच पेरलेली, लाखोळी किंवा रब्बीचा हरभरा बटईने दिला आणि मृगाआधीच्या वखरणीला परत यायचे ठरवले, तर शेती न मोडता हे जमते. बारा महिने बोटीवरच राहण्याचा हट्ट पहिल्या वर्षी तरी धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत त्या किनाऱ्यांवर लाटा थेट येऊन आदळतात आणि नांगर टाकायला सुरक्षित जागा थोड्या उरतात.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि या लेखातले बाकी सगळे तिच्याच पोटात येते. बोट रात्रंदिवस चालू असते तेव्हा दोघांपैकी एक जागा आणि एक झोपलेला असतो, म्हणजे दोघांची बोट बहुतेक वेळ एकटेच माणूस चालवत असते. भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर रूपा ए. आणि दिलना के. या 2 ऑक्टोबर 2024 रोजी गोव्याहून ‘तारिणी’ ही 56 फुटी शिडाची नौका घेऊन निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 29 मे 2025 रोजी परतल्या. नौकेवर दोघीच होत्या आणि नौकेवरचे प्रत्येक काम दोघींनाही येत होते. जोडप्यांमध्ये मात्र सुकाणू, इंजिन आणि नकाशा नवऱ्याकडे जातो आणि स्वयंपाक, दोर व आवराआवर बायकोकडे येते. नवऱ्याला ताप भरला, हात मोडला किंवा तो पाण्यात पडला तर त्या बोटीचे काय, हे घर सोडण्यापूर्वी दोघांनी एकमेकांना विचारावे. ज्याला जे काम कमी जमते ते त्यानेच आधी शिकावे आणि शिकत असताना दुसऱ्याने मध्ये हात घालू नये.

घरी राहून काय शिकता येते

पोहणे सर्वांत आधी. आपल्या खेड्यांत मुलगे विहिरीत पोहायला शिकतात आणि मुली काठावर उभ्या राहतात, त्यामुळे बहुतेक घरांत ही तयारी बाईपासून सुरू करावी लागते. अंगावरच्या कपड्यांनिशी, घाई न करता, पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर राहता आले पाहिजे. पूर्व विदर्भात मालगुजारी तलावांची उणीव नाही. तिथल्या ढिवर बांधवांसोबत, त्यांच्या परवानगीने, डोंग्यात बसावे. उभे कुठे राहायचे, वजन कुठे टाकायचे आणि आडव्या वाऱ्यात डोंगा कसा वाहवत जातो, हे तिथे अंगवळणी पडते.

डिझेल इंजिनाच्या बाबतीत शेतकरी कुटुंब शहरातल्या जोडप्यापेक्षा पुढे असते. पंपाच्या इंजिनाने एअर धरली की फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हाताने लिव्हर मारत राहायचे, फेसाळ डिझेल जाऊन बुडबुड्यांविना सलग धार येऊ लागली की स्क्रू आवळायचा, आणि तरीही इंजिन धरत नसेल तर नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांच्या नटांवर हेच करायचे. बोटीच्या इंजिनाचीही रीत हीच आहे, फक्त ते काम अडचणीच्या जागी, हलत्या बोटीत करावे लागते. मी ते आमच्या शेतातल्या इंजिनावर शिकले आणि पुढे समुद्रात एकदा उपयोगी पडले: यजमानांनी शिडावर बोट खडकांपासून लांब धरून ठेवली आणि मी खाली तेलकट हातांनी एअर काढली. इंजिन सुरू केल्याबरोबर धुराड्यातून पाणी पडते आहे का, हे पाहण्याची सवय मात्र नव्याने लावावी लागते. समुद्राचे पाणी खेचणारे रबरी पात्याचे चाक फाटले, तर ते पाणी थांबते आणि काही मिनिटांत इंजिन तापते.

शीड हाताळण्याचे शिक्षण रीतसर घ्यावे. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचे ‘कॉम्पिटंट क्रू’ आणि ‘डे स्किपर’ हे प्रत्यक्ष बोटीवरचे अभ्यासक्रम पाच-पाच दिवसांचे असतात आणि फुकेत व लंकावी भागात ते शिकवणाऱ्या शाळा आहेत. ‘डे स्किपर’च्या आधी नकाशे, भरती-ओहोटी आणि दिशादर्शनाची लेखी तयारी करावी लागते. ती पावसाळ्यात घरी बसून होते. शक्य असल्यास दोघांनी वेगवेगळ्या तुकड्यांत शिकावे, कारण एकाच बोटीवर असलात की तुमच्यातला धीट माणूस पुढे होतो. बोट विकत घेण्यापूर्वी एक हंगाम भाड्याच्या बोटीवर काढावा. घ्यायची झाल्यास जुनी पण धड, 34 ते 38 फुटांची फायबरची बोट दोघांना पुरते. ती पाण्याबाहेर काढून, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या तपासनिसाकडून पाहून घ्यावी, आणि दरवर्षी किमतीच्या साधारण दहावा हिस्सा देखभालीला लागतो असे धरून चालावे.

पाणी, वीज आणि उकाडा

ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा 46 अंशांचा उन्हाळा काढलेल्या माणसाला बेटांवरचे 32 अंश किरकोळ वाटतात, आणि इथेच फसगत होते. आपला कूलर चालतो तो हवा कोरडी असल्यामुळे. पाण्याची वाफ होते आणि हवा गार होते. समुद्रावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि कूलरचा उपयोग होत नाही. तिथे सावली आणि वारा हेच दोन उपाय आहेत: संपूर्ण डेकवर ताडपत्रीसारखे पांढरे छत आणि पुढच्या झडपेवर वारा आत वळवणारी कापडी झोळी. दुपारी बारा ते तीन जड काम करू नये आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे.

पाण्याची टाकी साधारण 350 लिटरची असते. दोघांनी मिळून दिवसाला 20 लिटर वापरले तर ती 17 दिवस पुरते. भांडी आणि अंग समुद्राच्या पाण्याने धुऊन शेवटी थोड्या गोड्या पाण्याने खळाळून घ्यावे. अंगावर मीठ राहिले की घामोळे आणि गळवे येतात. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या घराला हे शिकवावे लागत नाही, तरी निघण्यापूर्वी आठवडाभर 20 लिटरच्या एकाच कॅनवर दोघांचा दिवस काढून पाहावा.

विजेचा हिशोब बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. लहान फ्रिज दिवसाला सुमारे 50 अँपिअर-तास घेतो. साधी शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य घटते, म्हणून 200 अँपिअर-तासांच्या बॅटरीतून 100 च मिळतात असे समजावे. 400 वॅटचे सौर पॅनेल, शिडाची सावली पडली नाही तर, फ्रिज, दिवे, पंखे आणि दिशादर्शक यंत्रे सांभाळते.

नांगर

बेटांवर राहणे म्हणजे बहुतांशी नांगरावर राहणे. नांगर जमिनीवर आडवा ओढला गेला तरच रुततो, म्हणून साखळी भरपूर सोडावी लागते. खोली, भरतीने वाढणारी उंची आणि बोटीच्या टोकाची पाण्यापासूनची उंची यांची बेरीज करून किमान पाचपट साखळी सोडावी. पाणी 6 मीटर, भरतीचे 2 आणि टोकाचा 1 मीटर, म्हणजे 9 मीटर, त्याला 45 मीटर साखळी. दोर असेल तर सातपट. वाळू पाहूनच नांगर टाकावा; प्रवाळावर टाकलेली साखळी शेकडो वर्षांची वाढ एका रात्रीत भरडून काढते, आणि खाचेत अडकली की सुटतही नाही.

पुढे उभा असलेला आणि सुकाणूवर असलेला यांच्यात दहा-अकरा मीटरचे अंतर, वारा आणि इंजिनाचा आवाज असतो. जोडप्यांची सर्वांत मोठी भांडणे इथे होतात आणि शेजारच्या बोटींना ऐकू जातात. आम्ही हातांच्या खुणा ठरवून घेतल्या: हाताचे बोट पुढे केले की पुढे, तळवा खाली दाबला की हळू, मूठ वळली की थांब, अंगठा मागे केला की मागे. आजही नांगर टाकताना आम्ही बोलत नाही. साखळी पुरेशी गेली की इंजिन मागे चालवून ओढ द्यावी, किनाऱ्यावरचे झाड आणि त्यामागचा खडक एका रेषेत धरून ती रेषा हलत नाही ना हे पाहावे, आणि जमल्यास तोंडाला काच लावून पाण्यात उतरून नांगर प्रत्यक्ष बघावा. एक दिवस सुकाणू त्याच्याकडे, दुसऱ्या दिवशी तिच्याकडे, हा क्रम चुकवू नये.

प्रवाळातून वाट काढणे

नकाशावर नसलेले प्रवाळ डोळ्यांनी वाचावे लागते. गडद निळे पाणी खोल, हिरवट निळे म्हणजे वाळूवरचे उथळ, फिकट पिवळसर म्हणजे बोटीला अपुरे, आणि तपकिरी डाग म्हणजे खडक किंवा प्रवाळ. हे रंग सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असतानाच दिसतात, म्हणून अनोळखी जागी सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यानच शिरावे आणि पाण्यावरची चकाकी कमी करणारा पोलराइड चष्मा लावावा. ढगाची सावली तपकिरी डागासारखी दिसते, पण ती सरकते. संध्याकाळ होऊ लागली असेल तर बाहेर खोल पाण्यात रात्र काढावी.

रात्र आणि हवामान

तीन-तीन तासांचे पहारे दोघांना झेपतात. पहाऱ्यावरच्याने कंबरपट्टा बोटीला अडकवलेला ठेवावा आणि झोपलेल्याला उठवल्याशिवाय सुकाणूची जागा सोडून डेकवर जाऊ नये; हा नियम मोडण्याला कोणतेही कारण पुरेसे नाही. मोठे जहाज 18 नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आणि आपण 5 नॉटने समोरासमोर आलो, तर नऊ सागरी मैलांचे अंतर तेवीस-चोवीस मिनिटांत संपते, म्हणून दर दहा मिनिटांनी क्षितिज चौफेर पाहावे. अंधार पडण्यापूर्वीच शीड थोडे आखडून घ्यावे. रेडिओवर चॅनेल 16 कायम चालू ठेवावे आणि त्यावर संकटाचा संदेश कसा द्यायचा, हे दोघांच्या तोंडी पाठ असावे.

पाण्यात पडलेल्या माणसाला परत मिळवण्याचा सराव नारळाने करावा, कारण पाण्यावर माणसाचे डोके दिसते तेवढाच तो दिसतो. नारळ टाकावा आणि एकाने एकट्याने बोट वळवून तो उचलावा. दुसऱ्याने तोंड बंद ठेवून बसावे, कारण खऱ्या प्रसंगी तो पाण्यात असणार आहे.

बंगालच्या उपसागरात वादळे मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर आणि एप्रिल-मे या काळात होतात. हवामान खात्याचे अंदाज रोज पाहावेतच, शिवाय बोटीवर वायुभारमापक ठेवावा. उष्ण कटिबंधात वायुभार रोज दोनदा चढतो-उतरतो. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास कमी, आणि फरक 3 हेक्टोपास्कलच्या आसपास. त्या वेळच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा तो 5 ने खाली गेला, तर वादळ जवळ आहे असे धरून सुरक्षित खाडी गाठावी. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे 5 अंशांत चक्रीवादळे क्वचितच होतात, त्यामुळे दक्षिणेकडे राहणे फायद्याचे ठरते.

परवानगी आणि स्वयंपाकघर

अंदमानात आदिवासींची राखीव क्षेत्रे 1956 च्या नियमनाने बंद आहेत. उत्तर सेंटिनेलच्या जवळपासही फिरकू नये. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. दुसऱ्या देशात शिरताना पिवळा झेंडा लावून इमिग्रेशन, कस्टम आणि बंदर अधिकाऱ्यांकडे नोंद होईपर्यंत किनाऱ्यावर उतरू नये. अंदमानच्या खाड्यांत मगरी आहेत, तिथे पोहू नये.

उन्हाळ्यात घातलेली वाळवणे इथे खरी कामाला येतात: मुगवड्या, सांडगे, कुरडया, हरभऱ्याची वाळवलेली भाजी, तुरीची डाळ आणि घरचे तिखट. दमट हवेत ती आठवडाभरात मऊ पडतात, म्हणून घट्ट झाकणाच्या बरण्याच वापराव्यात. पुठ्ठ्याचा खोका बोटीवर चढवू नये. त्याच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात. मोठे प्रवाळमासे टाळावेत, कारण त्यांतले सिग्वाटेरा विष शिजवूनही जात नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर बोटीच्या तळाशी साचतो, म्हणून प्रत्येक स्वयंपाकानंतर शेगडीबरोबर सिलिंडरचीही चावी बंद करावी.

एप्रिलमध्ये बोट यार्डात जमिनीवर काढून ठेवताना शिडे उतरवून, गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून आत ठेवावीत. डिझेलची टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे आत दव धरून पाणी साचत नाही. कपाटांची दारे उघडी ठेवावीत आणि आतला भाग व्हिनेगरने पुसावा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी चढते. कोणता वाल्व्ह बंद केला, काय काढले आणि कुठे ठेवले, हे एका वहीत लिहून ती वही सुकाणूला बांधावी, कारण पुढच्या डिसेंबरात बोटीवर आधी दोघांपैकी कोणीही एकटे पोहोचू शकते.