सातनंतर ऑर्डर नाही
घरून नागलीचे पापड, मसाले विकताना कामाहून जास्त दमवतो तो जेवताना वाजणारा फोन. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये ‘अवे मेसेज’ची, म्हणजे आपण नसताना आपोआप जाणाऱ्या उत्तराची, फुकट सोय आहे. संध्याकाळी 7 ते सकाळी 9 लावून ठेवा: ‘मेसेज मिळाला, सकाळी कळवते.’ गिऱ्हाईक तुटत नाही, मी अनुभवलंय. कॅलेंडरवर आधी मुलांच्या परीक्षा, सासूबाईंची डॉक्टरची तारीख लाल पेनाने लिहा. ऑर्डर उरलेल्या चौकटींत. नाशिककरणींनो, बुधवारी गंगेवरच्या (गोदाकाठच्या) बाजारातून आठवड्याची भाजी एकदाच आणा, रोजची एक फेरी वाचते. आणि सात वाजले की मी लाटणं, वजनकाटा, डबे सगळं जुन्या साडीखाली झाकते. पसारा डोळ्यांसमोर असला की हात परत तिकडेच जातो, आणि पोरं ताटावर वाट बघत बसतात.