तांब्याचं बूड सपाट का येतं? सहावी ते आठवीला चित्र शिकवताना या चुका टाळा

चौथीपर्यंत घर, डोंगर, सूर्य बिनधास्त काढणारी मुलगी सहावीत आल्यावर एकाएकी म्हणते, "सर, मला नाही जमत." या वयात मुलांची नजर पुढे गेलेली असते आणि हात मागे राहिलेला असतो. आपलं चित्र समोरच्या वस्तूसारखं दिसत नाही, हे त्यांना कळायला लागतं. त्यातच एलिमेंटरी ग्रेड या चित्रकलेच्या परीक्षेचे वेध लागतात आणि वस्तुचित्र, म्हणजे मांडलेल्या वस्तू बघून काढायचं चित्र, समोर उभं राहतं. अशा वेळी पायरीपायरीने शिकवण्याचा मोठा आधार होतो, फक्त पायऱ्या योग्य हव्यात.

फळ्यावरचा तांब्या

सुरुवातीची काही वर्षं मी फळ्यावर "आधी गोल, मग मान, मग काठ" असं काढत जायचो. चाळीस कागदांवर माझाच तांब्या उतरायचा आणि मला ते यश वाटायचं. एकदा तोच तांब्या टेबलावर आडवा ठेवला, तेव्हा अर्धा वर्ग अडला. मुलांनी तांब्याकडे पाहिलंच नव्हतं.

आता पहिली पायरी पेन्सिल खाली ठेवून. उंची जास्त की रुंदी? मान पोटाच्या किती पट अरुंद? अंदाज वहीत आकड्यांत लिहायचा, मग हात लांब करून पेन्सिल वस्तूच्या समोर धरायची आणि तिच्यावर मोजायचं. मोजताना कोपर ताठ आणि एक डोळा मिटलेला हवा. कोपर वाकलं की प्रत्येक माप बदलतं. पेन्सिलीवरचं माप जसंच्या तसं कागदावर उतरवायचं नसतं, हेही स्पष्ट सांगा. आपल्याला हवं असतं ते प्रमाण.

सपाट बूड, टोकदार काठ

माझ्या अनुभवात वस्तुचित्रातली सर्वांत हट्टी चूक म्हणजे सपाट बूड. मुलं काठाला लंबवर्तुळ देतात, पण बूड सरळ रेषेने कापतात. विचारलं तर उत्तर येतं, "तांब्या टेबलावर सपाट बसलाय ना!" उत्तर चुकीचं नाही. त्यांना माहीत आहे ते त्यांनी काढलंय, दिसतंय ते नाही. म्हणून नुसतं खोडायला लावून काही साधत नाही.

काचेचा ग्लास घ्या, त्यात अर्धं पाणी भरा. मुलाच्या डोळ्यांसमोर काठ अगदी नजरेच्या रेषेत धरा: काठ सरळ रेघ दिसतो. ग्लास हळूहळू खाली न्या, काठ उघडत जातो. आता त्याच ग्लासात पाण्याची पातळी काठापेक्षा जास्त गोल दिसते आणि बूड त्याहूनही गोल, कारण ते नजरेच्या रेषेपासून आणखी खाली आहे. हा प्रयोग प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने करायला हवा. अख्खी तासिका गेली तरी जाऊ द्या.

दुसरा दोष म्हणजे लंबवर्तुळाची टोकं माशाच्या तोंडासारखी निघणं. त्यावर उपाय सोपा: आधी उभी मध्यरेषा, तिला काटकोनात आडवी रेषा, मग मनगट न टेकवता हलक्या हाताने चार-पाच वेळा गोल फिरवायचं. डावी-उजवी बाजू जुळते का, हे कागद उलटा धरून बघायला सांगा. चूक लगेच डोळ्यात भरते.

खोडरबर

पहिलीच रेघ दाबून काढली की कागदावर चर पडतो आणि खोडताना तंतू उठतात. पुढे जलरंग लावल्यावर तेवढाच भाग काळपट दिसतो. त्यामुळे पहिली दहा मिनिटं मी खोडरबर दप्तरातच ठेवायला सांगतो. चुकलेली फिकट रेघ तशीच राहू दे, तिच्या शेजारीच बरोबर रेघ सापडते.

छटा आणि रंग

वर्गाच्या दोन्ही बाजूंना खिडक्या असतील तर पडछाया दोन पडतात आणि मुलं गोंधळतात. एका बाजूच्या खिडक्या बंद करा. बोटाने छटा घासायची सवयही मोडायला हवी. पेन्सिलीच्या रेषा आकाराच्या वळणाने जाऊ द्या.

सावलीसाठी थेट काळ्या रंगाची ट्यूब उघडणं ही नेहमीची खोड. पिवळ्या लिंबाच्या सावलीत काळा मिसळला की रंग हिरवट, मळका होतो. त्याऐवजी यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळा) किंचित बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी) वापरून बघा. तांब्याच्या भांड्याला बर्न्ट सायनात थोडा अल्ट्रामरिन ब्लू मिसळला की सावली जिवंत राहते. चकाकी पांढऱ्या रंगाने वरून द्यायची नाही, तेवढा कागद आधीच कोरा सोडायचा.

रंग अर्धवट वाळलेला असताना त्यावर पाणीदार ब्रश टेकवला की फुलकोबीसारखा डाग फुटतो. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत वाळायला वेळच नसतो, म्हणून रेखाटन एका तासाला आणि रंगकाम पुढच्या तासाला ठेवा. प्रत्येक बाकावर पाण्याचे दोन डबे हवेत, एक ब्रश धुवायला आणि दुसरा स्वच्छ पाण्याचा.

मुलाच्या कागदावर आपला हात

"आण इकडे, मी करून देतो" असं म्हणून शिक्षकाने रेघ ओढली की चित्र सुधारतं, पण ते चित्र आता आपलं नाही हे मुलाला तत्क्षणी समजतं. मी त्याच्या कागदावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर दुरुस्ती दाखवतो. "इथे बघ, तुझं बूड आणि हे बूड, कोणतं जास्त गोल?" एवढं विचारतो आणि ट्रेसिंग पेपर उचलून घेतो. खाली फक्त त्याच्या रेषा असतात.