पोराला डिफेंडर व्हायचंय? आधी डॅन बर्नचा रस्ता बघा

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी आईबाबांकडून एक प्रश्न सारखा येतो, पोराला फुटबॉल अकॅडमीने काढलं, आता पुढे काय? मी इथे वीकेंडला मुलांच्या टीमला शिकवतो, जास्त करून मागच्या लाइनला, म्हणजे डिफेंडर्सना, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रोफेशनल क्लबच्या अकॅडमीत अंडर-9 पासून मुलं रजिस्टर होतात, मग 16 व्या वर्षी दोन वर्षांची स्कॉलरशिप, आणि 18 च्या आसपास प्रो काँट्रॅक्ट नाहीतर निरोप. बहुतेक मुलं मधेच गळतात. पण सेंटर-बॅक (गोलसमोर मधोमध खेळणारा डिफेंडर) तयार व्हायला वेळ लागतो हो, अंगात ताकद आणि डोक्यात खेळ दोन्ही उशिरा येतं, त्यामुळे लहानपणी काढलं म्हणजे सगळं संपलं असं अजिबात धरू नका.

सेंटर-बॅक डॅन बर्न हा न्यूकॅसलजवळच्या ब्लाइथ गावचा पोरगा. न्यूकॅसल क्लबने त्याला लहानपणीच सोडलं, मग गावच्या ब्लाइथ स्पार्टन्स क्लबकडून खेळत खेळत एस्डा सुपरमार्केटमध्ये ट्रॉल्या गोळा करायचं काम केलं, तिथून डार्लिंग्टन, 2011 ला फुलहॅम, आणि मग लोनवर (म्हणजे तात्पुरता दुसऱ्या क्लबकडून खेळायला) येओव्हिल, जिथे 2013 च्या प्लेऑफ फायनलला (वरच्या लीगमध्ये जायची मॅच) वेम्ब्लीवर त्याने गोल मारला. पुढे विगन, ब्रायटन आणि जानेवारी 2022 मध्ये परत न्यूकॅसल. 16 मार्च 2025 ला लीग कप फायनलमध्ये लिव्हरपूलविरुद्ध कॉर्नरवर हेडरने (डोक्याने मारून) गोल, क्लबला 1955 नंतरची पहिली देशांतर्गत ट्रॉफी, आणि पाच दिवसांनी 32 व्या वर्षी इंग्लंडकडून पहिली मॅच! लोनवर जाणं म्हणजे डिमोशन असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं, पण मोठ्या माणसांच्या मॅचमध्ये कोपरं खाऊन, पॉइंट्सचं टेन्शन घेऊन जे शिकायला मिळतं ते ज्युनिअर मॅचमध्ये मिळत नाही.

आता मैदानावरचं. क्रॉस (बाजूने गोलसमोर मारलेला बॉल) येताना मुलं नुसती बॉलकडे बघत बसतात आणि स्ट्रायकर पाठीमागून निसटतो. अंग तिरकं ठेवायचं, बॉल आणि माणूस दोन्ही दिसले पाहिजेत, आणि हाताने त्याचा हलका अंदाज घेत राहायचं, पण जर्सी ओढायची नाही. विंगर (बाजूने पळणारा अटॅकर) अंगावर आला की लगेच पाय घालू नका, त्याला साइडलाइनकडे ढकलत न्या, घाई त्याला करू दे. हेडिंगची घाई तर नकोच, इंग्लंडमध्ये अंडर-11 पर्यंत मॅचमधलं मुद्दाम केलेलं हेडिंग टप्प्याटप्प्याने बंद करतायत आणि मला ते शंभर टक्के पटतं, त्या वयात जागा पकडायला शिकवा.

शाळा-कॉलेज मात्र सोडू देऊ नका, स्कॉलरशिपमध्येही शिक्षण असतंच. आणि अकॅडमीने काढल्याचं कळलं की रडू द्या पोराला दोन दिवस, मग जवळच्या नॉन-लीग (वरच्या चार लीगच्या खालच्या) क्लबच्या युथ टीमला फोन लावा, प्री-सीझन (सीझनआधीचा सराव) साधारण जुलैत सुरू होतो, त्याच्या आधीच ट्रायलचं विचारून ठेवा.