उरुग्वेत निवृत्त व्हायचंय? आधी नाशिकमधली कागदपत्रं उरका

उरुग्वेत कायम वास्तव्यासाठी जन्मदाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, पोलीस क्लिअरन्स (गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला) आणि नियमित उत्पन्नाचा पुरावा लागतो. पैशांपेक्षा जास्त घोळ होतो नावात.

साठी ओलांडलेल्या बऱ्याच जणांच्या जन्मनोंदीत नावच नसतं, नुसतं 'मुलगी' किंवा 'मुलगा'. लग्नात नाव बदललेलं असेल तर दाखल्यावर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं. आपल्याकडे यात कुणाला वावगं वाटत नाही, पण तिथल्या कचेरीत या दोन वेगळ्या बायका ठरतात. राजपत्रातली नावबदलाची नोंद हाताशी ठेवाच. जन्म निफाड-सिन्नरकडच्या खेड्यातला असेल तर दाखला तिथल्या ग्रामपंचायतीतून मिळतो, नाशिक महापालिकेतून नाही. नोंदच सापडली नाही तर आधी अनुपलब्धतेचा दाखला, मग दंडाधिकाऱ्यांचा आदेश. यात महिने जातात, म्हणून सुरुवात इथूनच करा. दाखला मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक घ्या. फक्त मराठीतल्या दाखल्याला तिथे भाषांतरकार मिळणं अवघड.

मग मंत्रालयातून राज्याचं प्रमाणीकरण आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का. उरुग्वे 2012 पासून अपोस्टील मानतं, वेगळा दूतावासाचा शिक्का लागत नाही. अपोस्टील झेरॉक्सवर नको, मूळ दाखल्यावर घ्या. स्पॅनिश भाषांतरावर इथे खर्च करू नका, तिथल्या अधिकृत भाषांतरकाराचंच चालतं. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून, पण सगळ्यात शेवटी काढा. आधी काढलेला दाखला अर्ज भरेपर्यंत शिळा होतो.

तब्येतीचा विषय मात्र टाळू नका. तिथे बहुतेक लोक दरमहा वर्गणी भरून 'मुतुआलिस्ता' म्हणवणाऱ्या आरोग्यसंस्थांचे सभासद होतात. साठीनंतर किंवा जुना आजार असला तर अनेक संस्था नवा सभासद घेत नाहीत. वय, मधुमेह, बीपी, झालेली ऑपरेशन्स स्पष्ट लिहून दोन-तीन संस्थांना निघण्याआधीच विचारा. लेखी होकार नसेल तर घराची बोलणी थांबवा. सरकारी आरोग्यसेवा आहे, पण रांगेची तयारी हवी.

घर भाड्याने घेताना हमी लागते. ओळखीचा हमीदार नसेल तर काही महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम ठेव म्हणून अडकते. घर जुलै-ऑगस्टमध्ये बघा. तेव्हा तिथे हिवाळा असतो, आणि नाशिकच्या कोरड्या थंडीसारखा नाही, ओला. भिंतीला हात लावून ओल तपासा, पलंगामागचे कोपरे बघा, घर कशावर तापतं ते विचारा.

बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं, भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्या. पेन्शन त्यात जमा होते आणि तिथून बाहेर पाठवता येते. व्याजावर मात्र 30 टक्के टीडीएस आणि वर सेस कापला जातो. नोटप्रेसमधून निवृत्त झालेल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून तो देता येतो का, हे इथे असतानाच स्वतःच्या फोनवर करून बघा.

दिंडोरीकडे द्राक्षबाग किंवा शहरात फ्लॅट असेल तर मुखत्यारपत्र निघण्यापूर्वी दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. उरुग्वेतून पाठवलं तर आधी तिथलं अपोस्टील घ्यावं लागतं, आणि कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावं लागतं.