पिन जळली होती, आणि ते कळायला दोन रात्री गेल्या

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टला आम्ही चौघे होतो. अडथळे टाळत चालणारी छोटी गाडी करायची होती. डेमोला पाच दिवस उरले असताना समोरच्या वस्तूचं अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरचं रीडिंग यायचंच थांबलं. मी दोन रात्री कोड उसवत बसलो. तिसऱ्या दिवशी वायरिंग करणारा मित्र हळूच म्हणाला, "परवा इको पिन थेट ईएसपी३२ला जोडली गेली. मधले रेझिस्टर राहिले."

सेन्सर इको पिनमधून ५ व्होल्ट बाहेर टाकतो, गाडीचा मेंदू असलेल्या ईएसपी३२ बोर्डाची पिन ३.३ व्होल्टची. १ आणि २ किलो-ओहमच्या रेझिस्टरची जोडी मध्ये घातली की व्होल्टेज उतरतं, भागतं. आम्ही ती घातली, वायर दुसऱ्या पिनवर नेली. दहा मिनिटांत रीडिंग सुरू.

"आधी का नाही बोललास?"

"तू ओरडला असतास."

ओरडलोच असतो. आदल्या आठवड्यात कोडमधलं त्याचं मोटरचं फंक्शन मी रातोरात पुसून माझं टाकलं होतं, न विचारता. मला वाटत होतं, मी प्रोजेक्ट वाचवतोय. त्याने त्यातून काय घ्यायचं ते घेतलं.

पुढे हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांचं १९९६चं संशोधन वाचनात आलं. रुग्णालयांतल्या चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी नाही, जास्त नोंदलेल्या दिसल्या. तिथे चूक बोलून दाखवायची भीती कमी होती, असा त्यांचा अर्थ. मला आमची पिन आठवली.

ग्रुप जिगरी दोस्तांचा असला की विश्वास आपोआप येतो, हे मला पटत नाही. माया असते, पण "तुझं झालं का?" हे विचारायला जीभ रेटत नाही. भीड भिकेची बहीण, ती अशी. म्हणून पहिल्याच बैठकीत आपल्याला काय जमत नाही ते आपणच आधी सांगून टाकावं. मग बाकीचेही बोलतात. कामाचे तुकडे दोन दिवसांत चालवून दाखवता येतील एवढेच करावेत. आणि दुसऱ्याचा कोड कितीही गचाळ वाटला, तरी त्याच्या शेजारी बसून बदलावा. वेळ दुप्पट जातो, जाऊ द्यावा.

व्हायवात परीक्षकांनी मोटरच्या फंक्शनबद्दल नेमकं त्यालाच विचारलं. तो माझ्याकडे बघत राहिला.