मदरशाच्या हॉस्टेलात पोट्टे नियम काहून मोडतात अन् निगराणनं काय करावं

अकोला, बुलढाणा, वाशिमकडच्या खेड्यातल्या मदरशात जे निगराणचं (हॉस्टेलातल्या पोट्ट्यांवर लक्ष ठेवायचं) काम करतात त्यांच्यासाठी लिहून राहिलो. पोट्टा एकटा असला तं नियम क्वचितच मोडतो. फजरला (पहाटेच्या नमाजला) पांघरूण ओढून पडून राहणं, पेटीत मोबाइल लपवणं, तकरारच्या (मिळून धडा घोकायच्या) टायमाला गप्पा हाणणं, हे सगळं कमरा ठरवते अन् नवा पोट्टा त्याच्यामागं जाते.

म्हणून पहिले आठ दिवस रागवू नका, नुसतं पाहा. अजान झाल्यावर बाकीचे कोणाकडं पाहून उठतात किंवा पडून राहतात? तोच पोट्टा महत्त्वाचा, अन् तो दरवेळी वयानं मोठाच असते असं नाही.

मग विचारायचं ते एकेकाला, बाजूला घेऊन. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५१ मध्ये रेषांची लांबी ओळखायचा प्रयोग छापला, त्यात बाकीचे मुद्दाम चूक सांगत होते तं चारातल्या तिघांनी एकदा तरी त्यांच्या मागं जाऊन डोळ्यांसमोरचं चूक सांगितलं, पण उत्तर गुपचूप लिहून द्यायला सांगितलं की हे खूप कमी झालं. अन् गटात एक जरी माणूस खरं बोलला तरी बाकीच्याला हिंमत यायची.

आपल्या कामाचं हेच आहे. शव्वालमध्ये (रमजाननंतरच्या महिन्यात) नवीन दाखले होतात तेव्हा नव्या पोट्ट्याचा बिस्तरा वेळेवर उठणाऱ्या, सबक (धडा) पक्का असणाऱ्या पोट्ट्याच्या बाजूला लावा, पहिल्याच रात्री, कारण एकदा टोळी जमली की मग बिस्तरे हलवून फार फरक पडत नाही. एकानं चूक केली म्हणून अख्ख्या कमऱ्याला शिक्षा तं अजिबात देऊ नका, त्यानं ते एकमेकाला झाकायलाच शिकतात.

झोपेचाही हिशोब करा. उन्हाळ्यात आपल्याकडं इशा (रात्रीची नमाज) सव्वाआठच्या पुढं अन् फजरची वेळ साडेचारच्या आसपास लागते, जेवण अन् तकरार धरली तं झोप उरते किती? कैलुला (दुपारची थोडी झोप) पक्का ठेवा, अर्धे पोट्टे आपोआप उठतील.

पण मोठा पोट्टा लहानाला मारते, त्याच्या अंगाशी झोंबते अन् सगळा कमरा गप आहे, असं दिसलं तं ही नियमाची गोष्टच नाही. लहान्याला त्याच रात्री दुसऱ्या कमऱ्यात न्या, घरी कळवा, १०९८ वर (मुलांच्या हेल्पलाइनला) फोन लावा, मग नाजिमसाहेब (मदरशाचे कारभारी) नाराज झाले तरी चालते.